जाड ऑइल की पातळ ऑइल? उत्तर सापडलं १८८६ साली, ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांच्याकडे!

गेल्या वर्षी मी एक सेकंड-हँड कार घेतली. ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा मॅन्युअल बघितलं, त्यात लिहिलं होतं ५डब्ल्यू-३०. पण गॅरेजवाले दादा म्हणाले की आपल्याकडे ऊन फार, जाड ऑइल टाक, इंजिन जास्त टिकेल. मला ते पटलं आणि मी २०डब्ल्यू-५० टाकून आलो. दुसऱ्या दिवसापासून सकाळी स्टार्ट करताना इंजिन जड वाटायला लागलं. महिन्याभरात मायलेजही खाली आलं.

मग प्रश्न पडला, जाड म्हणजे चांगलं हे ठरवलं कोणी? शोधता शोधता मी पोहोचलो ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांच्यापर्यंत. इंजिनिअरिंग करत असाल तर रेनॉल्ड्स नंबर तुम्ही पाठ केला असेलच. हे तेच रेनॉल्ड्स.

आधी वर्कशॉप, मग गणित

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १८४२ रोजी बेलफास्टमध्ये झाला. वडील धर्मगुरू आणि शिक्षक होते, पण यंत्रांचा त्यांना भारी नाद. तोच नाद मुलाला लागला. कॉलेजला जाण्याआधी, १८६१ मध्ये, रेनॉल्ड्स एका इंजिनिअरच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारीला लागले. तिथे काम करताना त्यांना जाणवलं की यंत्र असं का वागतं हे समजायचं तर गणित लागणार. म्हणून ते केंब्रिजला गेले आणि १८६७ मध्ये गणितात पदवी घेऊन बाहेर पडले.

पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या २५ व्या वर्षी, ते मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजमध्ये इंजिनिअरिंगचे प्रोफेसर झाले. त्याच वर्षी लग्नही झालं, पण वर्षभरात पत्नी वारली. ते मात्र ३७ वर्षं त्याच कॉलेजात शिकवत राहिले. त्यांचं लेक्चर समजायला महाकठीण असायचं. ज्यांनी पुढे इलेक्ट्रॉन शोधला ते जे. जे. थॉमसन त्यांचे विद्यार्थी, त्यांनासुद्धा ते जड जायचं!

बेअरिंगमधून उडालेलं बूच

१८८३ च्या सुमारास बोशां टॉवर नावाचे इंजिनिअर रेल्वेच्या अ‍ॅक्सलसारख्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. ऑइल सोडायला त्यांनी बेअरिंगला वरून भोक पाडलं. पण झालं उलटंच. शाफ्ट फिरायला लागला की त्याच भोकातून ऑइल बाहेर यायचं. त्यांनी लाकडी बूच ठोकलं, तर ऑइलने तेही बाहेर ढकललं. म्हणजे आतलं ऑइल प्रचंड दाबाखाली होतं. पण तिथे पंप तर नव्हताच, मग दाब आला कुठून?

याचं उत्तर रेनॉल्ड्स यांनी १८८६ च्या आपल्या पेपरमध्ये गणिताने दिलं. शाफ्ट बेअरिंगच्या अगदी मधोमध बसत नाही, किंचित सरकून बसतो. त्यामुळे मधली फट एका बाजूला रुंद आणि पुढे निमुळती होते, पाचरीसारखी. फिरणारा शाफ्ट ऑइलला त्या निमुळत्या फटीत ओढतो, तिथे दाब तयार होतो आणि शाफ्ट चक्क उचलला जातो. पावसात वेगाने गाडी चालवताना टायर पाण्यावर तरंगतं, तसंच काहीसं. मग धातू धातूला घासतच नाही.

पण ऑइल फटीत ओढलं जातं ते त्याच्या व्हिस्कॉसिटीमुळे, म्हणजे वाहायला होणाऱ्या विरोधामुळे. ऑइल फार पातळ असेल तर थर टिकत नाही, धातू घासतो. फार जाड असेल तर थर टिकतो, पण ते ऑइल ढवळण्यातच इंजिनची ताकद जाते. माझं मायलेज गेलं ते इथे!

गरम झालं की पातळ

रेनॉल्ड्स एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी ऑलिव्ह ऑइल वेगवेगळ्या तापमानाला मोजलं आणि दाखवलं की तापमान वाढलं की व्हिस्कॉसिटी झपाट्याने घसरते. म्हणजे ऑइल जाड की पातळ हे विचारताना किती तापमानाला, हेही विचारायलाच हवं.

डब्यावरचे दोन आकडे हेच सांगतात. हे ग्रेड रेनॉल्ड्स यांनी नाही, एसएई या अमेरिकन संस्थेने ठरवलेत. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंड ऑइलचा. तो जितका लहान, तितकं ऑइल थंडीत कमी घट्ट होतं. नंतरचा आकडा गरम ऑइलचा. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडची व्हिस्कॉसिटी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असते, ५० ग्रेडची १६.३ ते २१.९.

आता उन्हाचं बघू. बाहेर ४२ अंश असलं तरी चालू इंजिनमधलं ऑइल साधारण १०० अंशांच्या आसपास असतं, आणि कंपनीने फटी त्याच हिशोबाने ठेवलेल्या असतात. सकाळी गाडी काढताना मात्र तेच ऑइल कित्येक पट जाड असतं आणि वरच्या भागांपर्यंत पोहोचायला वेळ घेतं.

शेवट

रेनॉल्ड्स यांना १८८८ मध्ये रॉयल मेडल मिळालं. पुढे मात्र मन आणि बुद्धी साथ देईना, म्हणून १९०५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. २१ फेब्रुवारी १९१२ रोजी सॉमरसेटमधल्या वॉचेट गावी ते गेले. व्हिस्कॉसिटीच्या एका एककाला आज त्यांच्या नावावरून रेन म्हणतात.

मी पुढच्या वेळी ५डब्ल्यू-३० टाकलं आणि स्टार्टिंग पुन्हा हलकं झालं. दादांचा हेतू वाईट नव्हता, अंदाज चुकला. तुम्ही अंदाजावर जाऊ नका. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर पीडीएफ मिळते. त्यात एकापेक्षा जास्त ग्रेड दिले असतील तर त्यातलाच एक निवडा. ऑइल ओतण्याआधी डब्यावरचा आकडा स्वतः वाचा. पाच मिनिटं लागतात, आणि इंजिन वाचतं!