आल्मा रोझेची शिस्त

व्हिएन्नाची व्हायोलिनवादक आल्मा रोझे ज्या वाद्यवृंदामुळे जगाला ठाऊक झाली, त्याचे नाव घेतानाही संगीतप्रेमी माणसाला संकोच वाटावा. हा वाद्यवृंद ऑशविट्झ-बिर्केनाऊ छळछावणीतील स्त्री-कैद्यांचा होता. सकाळी श्रमाला जुंपलेल्या स्त्रियांचे तांडे फाटकातून बाहेर पडत आणि सायंकाळी अर्धमेल्या अवस्थेत परतत, तेव्हा हा वाद्यवृंद कूचगीते वाजवीत असे. वायुकोठड्यांचा धूर तेथून दिसत होता. अशा ठिकाणी, स्वर चुकला म्हणून एखाद्या मुलीला फरशी पुसण्याची शिक्षा देणाऱ्या बाईविषयी काय मत बनवावे? या प्रश्नावर १९७६ पासून बरेच लिहिले गेले आहे. आल्माला मात्र आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली नाही. १९४४ साली ती त्याच छावणीत मरण पावली. म्हणून तिच्याविषयी निकाल देण्यापूर्वी तिचे सबंध आयुष्य डोळ्यांसमोर आणणे न्यायाचे ठरेल.

आल्माचा जन्म ३ नोव्हेंबर १९०६ रोजी व्हिएन्नात झाला. आई युस्टिने ही थोर संगीतरचनाकार गुस्टाव्ह माहलर यांची बहीण. वडील आर्नोल्ड रोझे हे १८८१ साली, वयाची अठरा वर्षेही पुरी झालेली नसताना, दरबारी संगीतनाट्यगृहाचे प्रमुख व्हायोलिनवादक झाले आणि पुढे सत्तावन्न वर्षे व्हिएन्नाच्या संगीतविश्वात त्या मानाच्या आसनावर राहिले. झुबिन मेहता यांच्यामुळे आपल्याकडील वाचकांना ज्या व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे नाव परिचयाचे आहे, तिचे हे अग्रणी. त्यांच्या नावाच्या चतुष्टयाने ब्राम्सच्या उत्तरायुष्यातील आणि शोनबर्गच्या आरंभीच्या रचना प्रथम लोकांपुढे आणल्या. या घरात बेसूर वाजविणे हा जवळजवळ नैतिक अपराध होता. आल्मा वाढली ती या वातावरणात. १९२६ साली तिचे व्हिएन्नात जाहीर पदार्पण झाले, तेव्हा बाखची दोन व्हायोलिनांची रचना ती वडिलांच्या जोडीने वाजली. पुढे दोघांनी तिचे ध्वनिमुद्रणही केले. ते आजही ऐकता येते.

बापाच्या कीर्तीची सावली मुलांवर पडते तेव्हा ती गारवा देते, तशी वाढही खुंटविते. आल्माने १९३० मध्ये वाशा प्रिहोडा या चेक व्हायोलिनवादकाशी विवाह केला. त्याची ख्याती तिच्याहून मोठी होती. पाच वर्षांत घटस्फोट झाला. पण तिच्यात एक गुण होता आणि तो वडिलांकडून उसना घेतलेला नव्हता. माणसे जमवून त्यांच्याकडून काम करून घेणे तिला साधत असे. १९३२ साली तिने केवळ तरुणींचा एक वाद्यवृंद उभारला. व्हिएन्नाचे वॉल्ट्झ वाजविणाऱ्या या मुलींनी युरोपभर दौरे केले. दरबारी परंपरेतील मंडळींनी कदाचित नाके मुरडली असतील. परंतु वाद्यवृंद चालविण्याचे शिक्षण तिला येथेच मिळाले.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. रोझे कुटुंबाने ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला होता, पण नाझींचा हिशेब धर्माचा नव्हता, रक्ताचा होता. कोकणातील शनवार तेली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेने इस्रायली मंडळींना शेजारी म्हणून पाहत आलेल्या आपल्या समाजाला या द्वेषाची जात समजणे अवघड आहे. सत्तावन्न वर्षांच्या सेवेनंतर आर्नोल्ड रोझे यांना एका फटक्यात दूर करण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युस्टिने वारली. मुलगा आल्फ्रेड अमेरिकेकडे निघून गेला. पंचाहत्तरीचा विधुर पिता आणि त्याला बाहेर काढण्याची जबाबदारी, दोन्ही आल्माच्या वाट्याला आली. तिने लंडनमधील परिचितांकडे खटपट केली, पैसे जमविले, परवाने मिळविले आणि १९३९ च्या पूर्वार्धात वडिलांना इंग्लंडात सुखरूप आणले.

तेथे ती थांबली असती तर ही कथा एका निर्वासित कुटुंबाची साधी हकिकत झाली असती. पण लंडनमध्ये परक्या वादकांना काम मिळणे दुष्कर होते आणि वडिलांचा खर्च चालवायचा होता. नोव्हेंबर १९३९ मध्ये, म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर, ती तटस्थ हॉलंडमध्ये कार्यक्रम करण्यासाठी गेली. मिळकतीतून ती वडिलांना पैसे पाठवीत राहिली. परतण्यास अजून अवधी होता, परंतु कार्यक्रम मिळत होते आणि ते सोडवत नव्हते. मे १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंडमध्ये घुसल्या आणि वाट बंद झाली. आपल्याकडे पितृऋण हा शब्द श्राद्धाच्या संदर्भात उच्चारला जातो. आल्माने ते पिता जिवंत असतानाच फेडले, आणि त्यापायी स्वतःचा परतीचा मार्ग गमावला.

पुढील अडीच वर्षे तिने खाजगी घरांतून वादन करून काढली, कारण ज्यू कलावंतांना जाहीर कार्यक्रमांस बंदी झाली होती. संरक्षणापुरता एका डच तरुणाशी नोंदणीचा विवाहही केला. डिसेंबर १९४२ मध्ये तिने पळून जाण्याचा प्रयत्न केला आणि ती फ्रान्समध्ये दिजाँ येथे पकडली गेली. आपले मौल्यवान ग्वादान्यिनी व्हायोलिन ती हॉलंडमध्येच ठेवून निघाली होती. ते वाचले. तिला मात्र पॅरिसजवळच्या द्राँसी छावणीतून जुलै १९४३ मध्ये ऑशविट्झला पाठविण्यात आले.

तेथे प्रथम तिची रवानगी कैदी स्त्रियांवर वैद्यकीय प्रयोग केले जाणाऱ्या इमारतीत झाली. ती कोण आहे हे कळल्यावर तिला बिर्केनाऊला हलविले गेले. स्त्रियांच्या छावणीची प्रमुख मारिया मांडेल हिला आपल्या वाद्यवृंदाचा मोठा अभिमान होता. या क्रूर बाईला पुढे १९४८ साली क्रॅकोव येथे फाशी झाली. वाद्यवृंद कसला, मेंडोलिन, गिटार, ॲकॉर्डियन, काही व्हायोलिने, बासरी आणि ढोल यांचा तो विजोड जमाव होता. बऱ्याच मुली हौशी होत्या. त्यांना घेऊन आल्माने दिवसाचे आठ-आठ, दहा-दहा तास तालीम सुरू केली. स्वरलिपी हाती येईल तशी, नाही तर स्मरणाने, तिने या वाद्यांसाठी रचना नव्याने बसविल्या. ज्यांना धड वाजविता येत नव्हते त्यांना स्वरलिपी उतरविण्याच्या कामावर घेतले, म्हणजे नावापुरते वाद्यवृंदात ठेवून घेतले. ही संख्या पन्नासच्या आसपास गेली. वाद्ये दमट हवेत बिघडतात या सबबीवर तिने त्यांच्या बराकीत लाकडी जमीन आणि शेगडी मिळविली. उघड्यावर तासन्‌तास चालणाऱ्या हजेरीतूनही या मुलींची सुटका झाली. त्या हजेरीत कित्येक स्त्रिया कोसळत असत, हे ध्यानात घेतले म्हणजे या सवलतीची किंमत कळते.

आता तिच्या शिस्तीचा प्रश्न. फानिया फेनेलाँ या वाद्यवृंदातील गायिकेने १९७६ मध्ये आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांवर आर्थर मिलर यांनी लिहिलेला दूरचित्रपट १९८० साली अमेरिकेत दाखविला गेला. त्यात आल्मा कठोर, गर्विष्ठ आणि जर्मन अधिकाऱ्यांची मर्जी राखणारी दिसते. वाद्यवृंदातील इतर अनेक स्त्रियांनी या चित्रणाचा निषेध केला. आल्मा कठोर होती हे त्यांनाही मान्य होते. विषमज्वरातून नुकती उठलेली, जेमतेम उभी राहणारी चेलोवादक मुलगी अनिता लास्कर हिला चुकीच्या स्वरांबद्दल आठवडाभर गुडघ्यांवर बसून फरशी पुसावी लागली होती. पुढे याच अनिताने आल्माविषयी सर्वाधिक कृतज्ञतेने लिहिले. तालमीच्या त्या तासांत मन धुराकडून सुरांकडे वळत असे, हा तिच्या सांगण्याचा रोख आहे.

प्रस्तुत लेखकाला अनिताचा पक्ष अधिक सबळ वाटतो. वाद्यवृंद उत्तम वाजला तरच मांडेलला त्याचा उपयोग होता. उपयोग संपला की त्या मुलींची गणना इतर कैद्यांत होणार होती, आणि इतर कैद्यांचे काय होते हे रोज दिसत होते. वर्गात कडक असणारा शिक्षक आपल्याला परिचित आहे. विद्यार्थी नापास झाला तर एक वर्ष जाते. येथे नापास होण्याचा अर्थ निराळा होता. अर्थात या संगीताची दुसरी बाजू झाकता येणार नाही. श्रमावर जाणाऱ्या स्त्रियांपैकी कित्येकींना ते सूर विटंबनेसारखे वाटले, आणि त्यांचे चुकले असे कोण म्हणेल? संगीताने माणसे वाचविली असे सरसकट म्हणणेही खोटे होईल. व्हिक्टर उलमान आणि पावेल हास हे आल्मापेक्षा कितीतरी मोठे रचनाकार होते. दोघांनाही ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झमध्ये मारण्यात आले. बिर्केनाऊत जे वाचविले गेले ते एका बाईच्या व्यवहारचातुर्याने आणि हट्टाने.

एप्रिल १९४४ च्या आरंभी एका समारंभाहून परतल्यावर आल्मा एकाएकी आजारी पडली आणि दोन-तीन दिवसांत मरण पावली. वय सदतीस. अन्नातून विषबाधा झाली असावी असा बहुतेकांचा तर्क आहे. कोणी विष दिल्याच्या वदंताही होत्या. ऑक्टोबरअखेर वाद्यवृंद मोडला आणि त्यातील ज्यू मुलींना बेर्गेन-बेल्सेनला हलविण्यात आले. तेथे उपासमारीने आणि रोगराईने माणसे पटापट मरत होती. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्य आले, तेव्हा आल्माच्या वादकांपैकी बहुतेक सर्व जणी जिवंत होत्या. बिर्केनाऊच्या कोणत्याही गटाविषयी असे विधान करता येणे दुर्मिळ आहे.

आर्नोल्ड रोझे युद्धकाळात लंडनमध्ये वादन करीत राहिले. मुलीच्या मृत्यूची वार्ता त्यांना १९४५ मध्ये कळली. व्हिएन्नाने त्यांना जुने आसन पुन्हा देऊ केले. ते गेले नाहीत. ऑगस्ट १९४६ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी अनिता लास्कर इंग्लंडात आल्या. तिच्या आईवडिलांना १९४२ मध्येच ब्रेस्लाऊहून नेऊन ठार मारण्यात आले होते. इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्रा या वाद्यवृंदाच्या त्या संस्थापक सदस्य झाल्या आणि अनेक दशके त्यात वाजवीत राहिल्या. जर्मन भूमीवर पुन्हा पाऊल ठेवायचे नाही हा निश्चय त्यांनी कालांतराने मोडला आणि जानेवारी २०१८ मध्ये जर्मन संसदेपुढे भाषण केले. जुलै २०२५ मध्ये त्यांनी वयाची शंभरी गाठली. पियानोवादक पीटर वॉलफिश यांच्याशी झालेल्या विवाहातून जन्मलेला मुलगा राफाएल याने आईचेच वाद्य हाती घेतले आणि जगभर नाव कमावले. नाझींमुळे परागंदा झालेल्या ज्यू रचनाकारांच्या चेलोरचना त्यांनी एकामागून एक ध्वनिमुद्रित केल्या. हान्स गाल, बेर्टोल्ड गोल्डश्मिट अशी, हिटलरने पुसून टाकू पाहिलेली नावे त्यांत आहेत. राफाएल यांचा मुलगा सायमन गातो, आणि चेलोही वाजवितो.