विश्लेषण : कोल्हापुरात ग्रीक समुद्रदेव कसा आला? मातीचे थर वाचणारे डॉ. सांकलिया कोण होते?

शाहूवाडी तालुक्यात गजापूरजवळ उगम पावणारी कासारी नदी पुढे पंचगंगेला मिळते. त्याच पंचगंगेच्या काठावर, कोल्हापूर शहराच्या पश्चिम अंगाला ब्रह्मपुरीची टेकडी आहे. साधारण ऐंशी वर्षांपूर्वी या टेकडीतून कांस्याच्या वस्तूंचा साठा निघाला आणि त्यात होता ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन! मूर्ती लहानशी, पण घडण अव्वल. आज ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे.

तिचा काळ ठरवायचा तर ती जिथे सापडली ती माती वाचावी लागते. १९४५-४६ मध्ये ते काम डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी मोरेश्वर दीक्षित यांच्यासह केले.

कोण होते सांकलिया?

१० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका गुजराती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पंधराव्या वर्षी लोकमान्य टिळकांच्या, आर्यांचे मूळ उत्तर ध्रुवाकडे शोधणाऱ्या ग्रंथाचा गुजराती अनुवाद हाती पडला. बराचसा कळला नाही, पण प्राचीन भारताचा शोध घ्यायचा हे तिथेच ठरले. नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहून ते लंडनला गेले. तिथे मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली मेडन कॅसल येथील उत्खननात ते शिकले : खणायचे ते थराथराने, आणि प्रत्येक खापराची नोंद ठेवायची. १९३६ मध्ये पीएच.डी. मिळवून ते परतले. १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, तेव्हा ते तिथे प्राध्यापक झाले आणि १९७३ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

ब्रह्मपुरीत काय कळले?

टेकडीत एकावर एक वस्त्या होत्या. वर बहमनी काळ, खाली सातवाहन काळ. खालच्या थरात विटांची घरे, नाणी, खापरे. या थरांमुळे पोसायडनला काळ मिळाला : इसवी सनाची पहिली-दुसरी शतके. तेव्हा रोमन साम्राज्यातील व्यापाऱ्यांची जहाजे पश्चिम किनाऱ्यावर येत आणि माल घाट चढून पठारावर जाई. शाहूवाडीतला आंबा घाट उतरला की आजही रत्नागिरीचा किनारा गाठता येतो. समुद्र कोल्हापूरला कधीच फार लांब नव्हता.

हा देव त्या मूर्तीपेक्षा कितीतरी जुना. क्रीट बेटावर नोसॉस येथे आर्थर इव्हान्स यांनी १९०० पासून राजवाडा खणला आणि तिथल्या संस्कृतीला मायनॉस राजावरून मिनोअन हे नाव दिले. मिनोअनांची स्वतःची लिपी आजही वाचता आलेली नाही. मात्र त्यांच्यानंतर नोसॉसवर ग्रीक भाषकांचा अंमल आला. त्या काळच्या मातीच्या पाट्यांची लिपी मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ मध्ये उलगडली आणि एका पाटीवर पोसायडनचे नाव निघाले. योगायोग असा, की ब्रह्मपुरी उत्खननाचा अहवालही १९५२ चाच.

राजवाडे नसलेला महाराष्ट्र

इव्हान्स यांनी ढासळलेला राजवाडा काँक्रीट ओतून पुन्हा उभा केला. पर्यटक आज पाहतात त्यातला बराच भाग विसाव्या शतकातला आहे. सांकलियांच्या वाट्याला राजवाडा आलाच नाही. जोर्वे, नाशिक, नेवासे, नर्मदाकाठचे नावडाटोली आणि शेवटी शिरूर तालुक्यातले इनामगाव, सगळीकडे कुडामातीची घरे आणि रंगवलेली मडकी.

पण त्या मडक्यांतूनच महाराष्ट्राचा आद्य शेतकरी उभा राहिला. क्रीटमध्ये राजवाडे गाजत होते त्या युगाच्या अखेरीस, इ.स.पू. १६०० च्या सुमारास, इनामगावात वस्ती सुरू झाली. तिथले लोक जव पिकवत, पाटाने पाणी आणत. दगावलेल्या लेकरांना दोन मडक्यांत घालून घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्यांना पुरताना पावले तोडत. चौकोनी घरांच्या जागी पुढे लहान गोल झोपड्या आल्या. हलाखीचे दिवस घरांच्या आकारातूनच कळले. एम. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्यासह १९६८ मध्ये सुरू झालेले हे काम १९८० च्या दशकापर्यंत चालले.

वाद कोणते झाले?

सांकलिया चुकले नाहीत असे नाही. नावडाटोलीच्या चोचदार भांड्यांवरून त्यांनी इराणशी नाते जोडले. पुढच्या अभ्यासकांना ते पटले नाही. रामायणातील लंका श्रीलंकेत नसून मध्य भारतात असावी, असे त्यांनी १९७३ च्या पुस्तकात मांडले. त्यावर बरीच टीका झाली. पुरावा मागणाऱ्या माणसाने इथे पुराव्यापुढे उडी घेतली, हा आक्षेप अगदीच गैरलागू नव्हता. तरी देवाधर्माच्या प्रश्नालाही मातीचीच कसोटी लावण्याचे धाडस त्यांचेच.

१९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ब्रह्मपुरीवर आता घरांची दाटी आहे.