मजूरमंत्री बाबासाहेब आणि हजेरीपटावरचे नाव

बोधिसत्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे महाडचे तळे येते, काळाराम मंदिराचा सत्याग्रह येतो, राज्यघटना येते आणि शेवटी नागपूरची दीक्षाभूमी येते. ते बरोबरच आहे. पण १९४२ ते १९४६ या चार वर्षांत बाबासाहेब दिल्लीत मजूरमंत्री होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना नुसते ऐकून माहीत असते. त्या खात्यात बसून त्यांनी काय केलं, हे विचारलं तर आपण गडबडतो. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या अंकात बाबासाहेबांच्या चरित्राची तेवढीच बाजू सांगावी, असा विचार आहे. कारणही तसंच आहे. आपल्या वस्तीतली मुलं आता नुसती नोकरी मागत नाहीत, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप काढतात, साफसफाईची कंत्राटं घेतात, दहावीस माणसांना काम देतात. म्हणजे आपण मालक झालो. आणि मालक झाल्यावर बाबासाहेब आपल्याकडून काय मागतात, हा प्रश्न उभा राहतो.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या लष्करी छावणीतला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार. पुढे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत राहिले. नंतर पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीत बिऱ्हाड गेले. दादरच्या राजगृहात जाईपर्यंत, म्हणजे १९३० च्या दशकापर्यंत, ते याच गिरणगावात राहिले. पहाटेचा भोंगा, गिरणीच्या फाटकापाशी ताटकळणारे बदली कामगार, जॉबरची मर्जी, हे सगळं त्यांच्या दारासमोरचं होतं. जॉबरने बोट दाखवलं त्याला त्या दिवसाचं काम, बाकीच्यांनी घरी जायचं. पायमारी झाली की काम गेलं, ताप आला की पगार गेला. आपल्या माणसांचं दुःख तर दुहेरी होतं. विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, पण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना त्या खात्याची दारं बंद होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. कामगारांची एकजूट हवी तर आधी कामगारांमधली शिवाशिव जायला हवी, असा त्यांचा आग्रह होता.

बाबासाहेब मुळात अर्थशास्त्रज्ञ, हे आपण विसरतो. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या वाढीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. कोणता कर केंद्राने घ्यावा, कोणता प्रांताने घ्यावा, आणि तो कोणाच्या खिशातून जातो, याचा त्यांनी मुळापासून अभ्यास केला होता. १९१७ साली परत आल्यावर पोटापाण्यासाठी त्यांनी शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा एक छोटा धंदाही काढला. सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासं झालं आणि धंदा बंद पडला. एवढ्या मोठ्या विद्वानाला मुंबईत स्वतःचा व्यवसाय चालवता आला नाही, हे आज धंदा काढणाऱ्या आपल्या मुलांनी लक्षात ठेवावे.

मुंबई विधिमंडळात ते १९२७ पासून सभासद होते. १९२८ साली कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचे बिल आले, तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा. पण मालकही तिच्या श्रमावर नफा मिळवतो, म्हणून त्यालाही अंग काढून घेता येणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. कामगाराच्या अडचणीचा खर्च कोणी किती सोसावा, हा हिशेब पुढे त्यांच्या सगळ्या कामात दिसतो. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या बिलाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्यात ते आघाडीवर होते.

जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांच्याकडे मजूर खाते आले. चाळीत वाढलेला माणूस देशाच्या मजूर खात्याच्या खुर्चीवर बसला. सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी एका टेबलाशी बसून बोलावे, ही त्रिपक्षीय परिषदेची पद्धत ऑगस्ट १९४२ पासून पक्की झाली. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडच्या कोळसा खाणींत ते स्वतः उतरले आणि मजुरांच्या वस्त्या पाहिल्या. लगेच जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसवायचा आणि त्या पैशातून मजुरांची घरे, पाणी, दवाखाने करायचे, अशी ती योजना. धर्मादाय नव्हे, धंद्याच्या हिशेबातूनच कामगाराचा वाटा बाजूला काढायचा, हे तिचं मर्म.

याहून मोठे काम आजारपणाच्या विम्याचे. मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कारखान्यातील कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. विमा सक्तीचा असावा आणि वर्गणीवर चालावा, हा त्याचा गाभा. त्यात कामगारांचे कायम, तात्पुरते आणि नैमित्तिक असे वर्गही पाडले होते. म्हणजे रोजंदारीवर येणारा माणूसही विचारातून सुटला नव्हता.

हा विमा चालतो कसा, ते साध्या भाषेत सांगतो. आधी कारखान्याची नोंदणी व्हायची, त्याला एक नंबर मिळायचा. मग मालकाने प्रत्येक कामगाराचं नाव कळवायचं, प्रत्येकाला आपापला विमा नंबर. दर महिन्याला पगारातून कामगाराचा थोडा वाटा कापायचा, त्यात मालकाने स्वतःचा मोठा वाटा घालायचा आणि पैसे वेळेत भरायचे. मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून कापणे कायद्याने मना आहे. मग आजारपण, बाळंतपण, कामावरचा अपघात यांत औषधपाणी आणि रोख मदत मिळायची. या साखळीची पहिली कडी म्हणजे नोंदणी. ती कडीच नसेल तर पुढचं काही नाही. हजेरीपटावर ज्याचं नाव नाही, तो कामगार कायद्याच्या डोळ्यांना दिसतच नाही. गिरणीच्या फाटकाबाहेर उभा राहणारा बदली कामगार असाच न दिसणारा होता.

त्याच काळात इतरही कामे झाली. १९४५ च्या कायद्याने कारखान्यातील कामगाराला भरपगारी वार्षिक रजा मिळाली. युद्ध संपताना मोकळ्या होणाऱ्या सैनिकांना आणि कामगारांना काम मिळावे म्हणून १९४५ पासून सरकारी रोजगार विनिमय केंद्रांची व्यवस्था उभी राहिली. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याने मोठ्या कारखान्यांच्या मालकांना कामाच्या अटी लेखी द्याव्या लागल्या. कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला तो १९४६ च्याच दुरुस्तीने.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्या सभांमधून पुष्कळदा प्रॉव्हिडंट फंडासकट सगळे कामगार कायदे बाबासाहेबांनी केले असे सांगितले जाते. ते तसे नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मजूर खाते सोडले. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ साली मंजूर झाला, तेव्हा मजूर खाते बाबू जगजीवनराम यांच्याकडे होते. प्रत्यक्ष योजना २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. प्रॉव्हिडंट फंडाचा वटहुकूम नोव्हेंबर १९५१ चा आणि कायदा १९५२ चा, तेव्हा बाबासाहेब मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. पण विम्याची आखणी, त्रिपक्षीय चर्चा, अहवाल हा सगळा पाया त्यांच्याच कारकिर्दीत घातला गेला. बाबासाहेबांना मोठे करण्यासाठी खोट्याची गरज नाही, खरे तेवढेच पुरेसे आहे.

पुढे घटना समितीच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. घटनेच्या ४१ व्या कलमात बेकारी, म्हातारपण, आजारपण यांत सरकारने आपल्या ऐपतीप्रमाणे मदत करावी, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. सामाजिक विमा, रोजगार आणि बेकारी हे विषय केंद्र व राज्य दोघांच्या समाईक सूचीत आहेत. व्यवसाय आणि नोकऱ्यांवर कर बसवण्याचा अधिकार घटनेने राज्यांना दिला, आणि २७६ व्या कलमात माणशी वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली. ती १९८८ च्या घटनादुरुस्तीने २५०० झाली.

या अधिकाराचे आपल्या महाराष्ट्रात काय झाले पाहा. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना सुरू झाली. तिला पैसा हवा म्हणून १९७५ साली राज्याने व्यवसाय कराचा कायदा केला. मालकाने आपली नोंदणी करायची, नोकरांच्या पगारातून ठरलेली रक्कम कापून सरकारात भरायची. ही रक्कम आणि तेवढीच भर सरकारची, यांतून रोजगार हमीचा खर्च चालावा, अशी ती रचना होती. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापलेले चार पैसे गावाकडच्या बेकार शेतमजुराच्या हाताला काम देत होते. त्या खडी फोडणाऱ्यांत, पाझर तलाव खोदणाऱ्यांत आपले किती आईबाप होते, हे आपल्याला ठाऊक आहे. पगाराच्या चिठ्ठीवर पी. टी. कापलेला दिसला की आपण कुरकुरतो, पण त्या दोन अक्षरांमागे एवढा इतिहास आहे.

बेकारीसाठी विमाही थोडा पुढे सरकला. २००५ साली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली, २०१८ साली अटल विमित व्यक्ती कल्याण योजना आली. नोकरी सुटलेल्या विमाधारकाला काही काळ पगाराचा काही हिस्सा मिळावा, ही कल्पना. पण अट तीच : वर्गणी भरलेली हवी, म्हणजे नाव नोंदलेलं हवं.

आता आपल्याकडे येऊ. वर्कशॉप काढलं की बँकेचं कर्ज, वीज मीटर, पाटी, उद्घाटन सगळं होतं. दहा माणसं कामाला लागली की राज्य विम्याची नोंदणी, वीस झाली की फंडाची नोंदणी, करपात्र पगाराचा नोकर ठेवला की व्यवसाय कराची नोंदणी. इथे मात्र आपलाच माणूस म्हणतो, दहावा माणूस कागदावर कशाला दाखवू? नऊच दाखवतो. मला सांगा, तो दहावा माणूस कोण असतो? बहुधा नुकताच गावाकडून आलेला, आपल्याच नात्यातला. मशीनवर त्याचं बोट गेलं तर त्याला रुग्णालयाचं कार्ड नाही, रोख मदत नाही. मालक दोन हजार हातावर ठेवतो आणि गावाला पाठवतो. वर्गणी वाचते ती महिन्याला काही शेकड्यांची. जुलै २०१९ पासून विम्याचा मालकाचा वाटा पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का ठरला. एवढ्यासाठी आपण जॉबर व्हायचं का?

भगवान बुद्धांनी सिगाल या गृहस्थाला दिलेल्या उपदेशात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. नोकराच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, गोडधोड त्याच्याबरोबर वाटून खावे, आणि वेळेवर सुट्टी द्यावी. बाबासाहेबांनी आपल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात उपासकांसाठीच्या विनयात या उपदेशाला स्थान दिले. आणि मजूरमंत्री असताना झालेली कामे पाहिली तर ताकदीप्रमाणे काम म्हणजे कामाचे तास, आजारपणातली काळजी म्हणजे विमा, सुट्टी म्हणजे भरपगारी रजा, असा मेळ सहज लागतो. धम्म आणि कायदा इथे वेगळे राहत नाहीत.

१४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी आपल्याला दीक्षा दिली आणि ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आपण विहारात येतो, त्रिशरण पंचशील घेतो. त्यात न दिलेले घेणार नाही, असे दुसरे शील आहे. कामगाराचा विमा बुडवणे हे न दिलेले घेणेच नव्हे काय? ज्या उपासकांचे छोटेमोठे धंदे आहेत, त्यांनी या वर्धापनदिनी एकच काम करावे. घरी जाऊन आपला हजेरीपट उघडावा, कामावर येणाऱ्या माणसांची डोकी मोजावीत, आणि जे नाव राहून गेले असेल ते लिहावे. परळच्या चाळीतून दिल्लीच्या मजूर खात्यापर्यंत गेलेल्या आपल्या बापाला तीच खरी आदरांजली ठरेल.

नमो बुद्धाय! जयभीम!