वितळण्याआधी क्लिक!

थंडी पडली की बदलापूर-अंबरनाथच्या ग्रुप्सवर बारवी डॅमचा प्लॅन शिजायला लागतो. पहाटे निघायचं, धुकं, पाण्यावरची वाफ, गवतावरचं दव टिपायचं आणि घरी येईपर्यंत गॅलरी फुल. बर्फ मात्र इकडे नाही. त्यासाठी महाबळेश्वरचं वेण्णा लेक गाठायचं. तिथे कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात आणि पेपरात फोटो झळकतात. पण पुढच्या वेळी कॅमेरा काढण्याआधी विल्सन बेंटली या शेतकऱ्याची गोष्ट वाचाच.

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावात १८६५ साली त्याचा जन्म झाला. आई शिक्षिका होती आणि त्याचं बरंचसं शिक्षण तिनेच घरी केलं. पंधराव्या वर्षी तिच्याकडचा जुना मायक्रोस्कोप त्याच्या हाती आला. त्याखाली त्याने हिमकण ठेवला आणि वेडाच झाला. चित्र काढायला बसायचा, पण अर्धं होईपर्यंत मॉडेल वितळलेलं!

मग कॅमेरा हवा. वडिलांना हा सगळा रिकामटेकडा उद्योग वाटायचा, तरी त्यांनी पैसे दिले. कॅमेरा मायक्रोस्कोपला जोडायचा कसा, हे शिकवणारं कुणी नव्हतं. प्रयोग फसत राहिले. अखेर १५ जानेवारी १८८५ रोजी एका सुट्या हिमकणाचा फोटो आला. तेव्हा तो १९ वर्षांचा होता, म्हणजे जवळपास तुमच्याच वयाचा.

त्याची पद्धत बघा. काळ्या फळीवर बर्फ झेलायचा. आवडलेला कण काडीने उचलून काचेवर ठेवायचा, पिसाने हलकेच दाबायचा. हे सगळं शेकोटी नसलेल्या गारठलेल्या खोलीत आणि श्वास रोखून, कारण उच्छ्वासाची ऊबसुद्धा कणाला पुरेशी! असे पाच हजारांहून जास्त फोटो त्याने काढले. गाववाले हसायचे. तो दुभती जनावरं सांभाळायचा आणि फोटोंच्या प्रती पाच-पाच सेंटला विकायचा.

हिमकणाला सहा बाजू का, तर गोठताना पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात. ढगातून खाली येताना प्रत्येक कणाला वेगळं तापमान, वेगळा ओलावा भेटतो, म्हणून नक्षी वेगळी. दोन हिमकण सारखे नसतात हे आपण सगळे सहज बोलून जातो ना? ते जगभर पोहोचलं ते मुख्यतः बेंटलीच्या फोटोंमुळे.

पण थांबा, यात एक लोचाही आहे. हिमकण उठून दिसावा म्हणून तो निगेटिव्हच्या प्रतीवर कणाभोवतीचा थर चाकूने खरवडून काढायचा. जर्मन हवामानशास्त्रज्ञ गुस्टाव हेलमन यांनी यावर जोरदार आक्षेप घेतला: खरवडताना कणाची कडाच बदलली तर? शिवाय बेंटली सुबक कण निवडायचा. प्रत्यक्षात बरेचसे कण तुटके, वाकडे असतात. फिल्टर लावलेला फोटो पुरावा म्हणून चालेल का, हा तुमच्या इन्स्टाचा प्रश्न सव्वाशे वर्षं जुना आहे. उत्तर सोपं नाही. फोटो सुंदर हवा की खरा, हे आधी ठरवा आणि एडिट केला असेल तर तसं सांगा.

बेंटली दव, दहिवर आणि पावसाकडेही वळला. परातीत मैदा पसरून तो क्षणभर पावसात धरायचा. पडलेल्या थेंबांच्या गोळ्या व्हायच्या, त्यावरून थेंबाचा आकार मोजायचा. १९०४ साली हे काम छापून आलं. यासाठी बर्फ लागत नाही. पुढच्या जुलैत बदलापुरातल्या गच्चीवर तुम्हीही करून बघा. थेंब मोठे कधी पडतात, सरीच्या सुरुवातीला की शेवटी, ते वहीत लिहा.

१९३१ साली त्याच्या २,४०० हून जास्त फोटोंचं पुस्तक आलं. त्याच डिसेंबरात तो हिमवादळातून पायी घरी परतला, न्यूमोनिया झाला आणि २३ तारखेला तो गेला. लग्न केलं नाही, पैसा जमवला नाही. पण जे कण काही मिनिटांत पाणी झाले असते, ते आजही आपण बघू शकतो.