ग्रेच्या ग्रंथाआडचे कार्टर

धुळे काय किंवा जळगाव काय, वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ग्रे हे नाव अपरिचित नाही. त्यांचा शरीररचनेवरील जाडजूड ग्रंथ १८५८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्यातील साडेतीनशेहून अधिक आकृत्या मात्र हेन्री व्हॅनडाइक कार्टर या तरुण डॉक्टरांनी काढल्या होत्या. त्यांच्या हाती एकदाच ठरावीक रक्कम पडली. खपावरील मानधन ग्रे यांना मिळाले. श्रम एकाचे आणि उत्पन्न दुसऱ्याचे, हा आम्हा अर्थशास्त्राच्या शिक्षकांचा जुनाच विषय. ग्रंथ बाजारात आला तेव्हा कार्टर मुंबईत येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले होते. त्यांचे खरे कार्य येथेच घडले, आणि त्याचीच आठवण आपल्याकडे फार थोड्यांना आहे.

हल येथे १८३१ मध्ये एका चित्रकाराच्या घरी जन्मलेल्या या माणसाची नजर लहान गोष्टी टिपणारी होती. ती प्रथम वळली अनवाणी पायांकडे. बाभळीचा काटा रुतावा, जखम बुजावी आणि काही महिन्यांनी पाऊल सुजून त्यातून काळे वा पांढरट कण वाहू लागावेत, हा विकार मदुरेच्या नावाने ओळखला जात असे. त्याच्या मुळाशी बुरशी आहे, असे कार्टर यांनी १८६० च्या सुमारास दाखविले व १८७४ मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अनवाणी शेतात राबणारा खानदेशातील शेतकरी वा सालदार या रोगाचा धोका ओळखू शकेल. ज्याच्या पायात वहाण आहे त्याला तो सहसा गाठत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दुर्लक्षित रोगांच्या यादीत त्याचा समावेश केला तो २०१६ मध्ये!

१८६३ ते १८७२ ही वर्षे कार्टर साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. पुढे कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी ते नॉर्वेला आणि नंतर काठेवाडात जाऊन आले.

मग १८७६-७७ चा दुष्काळ आला. दख्खनमधून उपाशी माणसांचे लोंढे मुंबईत शिरले आणि त्यांच्याबरोबर एक चमत्कारिक ताप आला. पाच-सात दिवस चढे, उतरे, रोगी बरा झाला असे वाटावे तोच पुन्हा उलटे. कार्टर यांनी रोग्यांच्या रक्तात मळसूत्रासारखे वळवळणारे जंतू पाहिले. बर्लिनच्या ओबरमायर यांनी ते आधी शोधले होते. हिंदुस्थानातील ताप तोच, हे कार्टर यांनी सिद्ध केले आणि माकडांना रक्त टोचून रोग त्यांच्यातही उतरवून दाखविला. १८८२ च्या आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच त्यांनी या तापाला दुष्काळी ताप हे पर्यायी नाव दिले. हे नाव आम्हांस अत्यंत अर्थपूर्ण वाटते. कारण त्याच १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराचे धान्य दिवसाला एका पौंडावर आणले होते, आणि तेच पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. सूक्ष्मदर्शकाला जंतू दिसतो. मजुरीचा दर दिसत नाही. हा ताप उवांमुळे पसरतो, हे १९०७ मध्ये मॅकी यांनी आपल्या शेजारच्या नाशिककडील साथीत शोधून काढले. म्हणजे दाटीने निजणाऱ्या, कपडे बदलायला नसलेल्या माणसांचाच तो रोग.

सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना हिवताप काय ते सांगावयास नको. त्याचा परजीवी लाव्हेराँ यांनी १८८० मध्ये अल्जीरियात पाहिला, पण कित्येक डॉक्टरांचा त्यावर विश्वास बसेना. कार्टर यांनी १८८७ मध्ये मुंबईतील रोग्यांच्या रक्तात तोच परजीवी पाहून लेख लिहिला. तो सरकारी अहवालवजा मालेत छापला गेला आणि जवळजवळ तेथेच राहिला. १८८८ मध्ये ते निवृत्त होऊन मायदेशी परतले.

हिंदुस्थानातच नोकरी करणारे रोनाल्ड रॉस पुढेही कित्येक वर्षे या परजीवीच्या अस्तित्वाविषयी साशंक राहिले. त्यांची खात्री पटली ती १८९४ मध्ये, लंडनला मॅन्सन यांनी तो प्रत्यक्ष दाखविल्यावर. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेस त्यांना तो डासाच्या जठरात सापडला. कार्टर त्याच वर्षी मे महिन्यात स्कारबरो येथे वारले होते.