डॉ. आनंदीबाई जोशी

धर्मग्रामाच्या या महोत्सवी अंकात एका ब्राह्मण विदुषीचे चरित्र कशासाठी, असे कित्येक वाचकांस वाटेल. परंतु कोवळ्या वयात मुलीस उजवून टाकण्याची चाल आमच्या खानदेशातून अद्याप समूळ गेलेली नाही. धरणगावच्या मातापित्यांनी हे चरित्र वाचावे, अशी आमची इच्छा आहे.

कल्याणच्या गणपतराव जोशी यांची कन्या यमुना हिचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. नऊ वर्षांची असता, १८७४ साली, तिचा विवाह टपाल खात्यातील विधुर गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला पुत्र झाला आणि योग्य वैद्यकीय साहाय्याअभावी दहा दिवसांत तो निवर्तला. या आघातातूनच वैद्यक शिकण्याचा तिचा निश्चय झाला.

अशा वयात मुलीच्या कमरेच्या हाडांची वाढ पुरी झालेली नसते. मूल अडते, वेणा दोनदोन दिवस चालतात. अंगात रक्त कमी असल्यास थोडा रक्तस्रावही जीवावर बेततो. रक्तदाब वाढून झटके येण्याचे भयही अल्पवयीन पहिलटकरणीस अधिक. त्या काळी सुइणीपाशी यावर इलाज नव्हता, आणि पुरुष डॉक्टरास दुखणे सांगण्यास स्त्रिया लाजत.

गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनरीस साहाय्यार्थ पत्र लिहिले. त्याने धर्मांतराची गोष्ट काढली. ती या दांपत्याने मानली नाही. आम्ही धर्मगुरू असूनही म्हणतो की, विद्येच्या मोबदल्यात श्रद्धा मागणे गैरच होते. तो पत्रव्यवहार मासिकात छापला गेला आणि दंतवैद्याकडे बसल्या बसल्या कार्पेंटर नामक बाईंच्या वाचनात आला. त्या परक्या बाईने आनंदीबाईंस आपल्या घरी आश्रय दिला.

१८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथे भर सभेत आपल्या जाण्याचे कारण सांगून एप्रिलात त्या कलकत्त्याहून निघाल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रबंधासाठी हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच विषय घेतला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांस पदवी मिळाली. समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. येथे एक गोष्ट नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल : आमच्या धर्मभगिनींस बाळंतपणे करण्याची मोकळीक रोमहून मिळाली ती ११ फेब्रुवारी १९३६ रोजी, म्हणजे तब्बल पन्नास वर्षांनी.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. परंतु क्षयाने पोखरलेला देह घेऊनच त्या १८८६ च्या अखेरीस स्वदेशी परतल्या. एकाही बाळंतिणीची खाट त्यांस कोल्हापुरात पाहता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत त्या ठेवल्या गेल्या.