विश्लेषण : दादा कोंडके यांची गाणी दोनदा का ऐकू येतात?

पालघर-बोईसर पट्ट्यातील हळद असो वा पुण्यातील वरात, ‘ढगाला लागली कळ’ लागले की आजोबा आणि नातू एकाच वेळी नाचायला उठतात. गाणे एकच, पण दोघांना ऐकू येते ते सारखेच असते का? ऐकण्यातल्या याच फरकावर दादा कोंडके यांची कारकीर्द उभी राहिली.

‘चुकीचे ऐकू येणे’ म्हणजे काय?

गाण्याचे शब्द भलतेच ऐकू येणे हा जगभरचा गमतीचा विषय आहे. इंग्रजीत त्याला ‘माँडेग्रीन’ म्हणतात. सिल्व्हिया राइट या लेखिकेने १९५४ मध्ये हा शब्द रूढ केला. एका स्कॉटिश पोवाड्यात मारलेल्या सरदाराला हिरवळीवर निजवल्याचे वर्णन होते. लहानग्या सिल्व्हियाला मात्र त्यात सरदारासोबत मेलेल्या ‘लेडी माँडेग्रीन’चे नाव ऐकू आले. अमेरिकी ग्रामीण संगीतात, म्हणजे कंट्री म्युझिकमध्ये, केनी रॉजर्स यांचे १९७७ चे ‘लुसिल’ यासाठी प्रसिद्ध आहे. त्यातली चार भुकेली मुले अनेकांना चक्क चारशे मुले वाटली!

तिथे हे चुकून घडले. दादांनी ते जाणूनबुजून घडवले.

दादा कोंडके कोण होते?

कृष्णा ऊर्फ दादा कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ रोजी मुंबईतील नायगावच्या गिरणगावी वस्तीत झाला. कुटुंब मूळचे भोर तालुक्यातील इंगवलीचे. दादांनी ‘अपना बाजार’मध्ये नोकरी केली, बँडपथकात वाद्ये वाजवली आणि सेवा दलाच्या कलापथकात कामे केली. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने ते घराघरांत पोहोचले. भालजी पेंढारकर यांच्या ‘तांबडी माती’तून १९६९ मध्ये ते पडद्यावर आले.

१९७१ च्या ‘सोंगाड्या’ने नशीब पालटले. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहाचा पडदा मिळण्यात अडथळा आला तेव्हा बाळासाहेब ठाकरे मदतीला धावले. पुढे लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरा केला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली.

द्व्यर्थी शब्दांची युक्ती कुठली?

ती तमाशातली. सोंगाड्या साधा शब्द टाकतो आणि दुसरा अर्थ प्रेक्षकावर सोडतो. फडात ते शब्द रोज बदलता येत. चित्रपटात मात्र एकदा छापलेला शब्द सेन्सॉरपुढे जाणारच. दादांचे सेन्सॉरशी कायम खटके उडत. शब्दात वावगे काही नाही, वावगे ऐकणाऱ्याच्या मनात आहे, हा त्यांचा बचाव असे. ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ या १९८६ च्या हिंदी चित्रपटाचे नावच पाहा. ‘दिया’ म्हणजे दिवा आणि ‘दिया’ म्हणजे दिले. कात्री लावायची कशाला?

‘कळ’ नेमकी कुठली?

‘ढगाला लागली कळ’ हे १९७८ च्या ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’मधले गाणे. पोटात कळ यावी तशी ती ढगाला आली, ही गावाकडची कल्पना. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही, त्यामुळे हिंदी भाषकाला तिथे ‘कल’ ऐकू येऊ शकते. तरी २०१९ मध्ये ‘ड्रीम गर्ल’ या हिंदी चित्रपटाने त्याच ओळीवर नवे गाणे केले. दादांच्या बहुतेक अस्सल गावरान मराठी गाण्यांना आवाज दिला तो मूळ अमृतसरच्या महेंद्र कपूर यांनी.

गंमत नावातही होती. ‘पांडू हवालदार’च्या वेळी सुरेंद्र आणि विजय पाटील या संगीतकार जोडीला ‘राम-लक्ष्मण’ हे नाव दादांनीच दिले. १९७६ मध्ये ‘राम’ गेले, पण पाटील यांनी जोडीचेच नाव ठेवले. ‘मैंने प्यार किया’चे संगीतकार दोघे वाटतात, प्रत्यक्षात तो एकच माणूस!

आज काय उरले?

१४ मार्च १९९८ रोजी दादांचे मुंबईत निधन झाले. चाली टिकल्या, पण त्यांच्या विनोदाला दोन्ही अर्थ लागतात. पाऊस, मळा, बिब्बा, सोंगाड्या यांच्याशी शहरी कानाची ओळख कमी होत चालली आहे. त्यामुळे आधी हरवतो तो साधा, घरगुती अर्थ. मागे उरतो फक्त चावट अर्थ आणि दादांवर ‘अश्लील’ असा शिक्का बसतो. आजोबांना दोन्ही अर्थ कळतात, म्हणून ते जास्त हसतात. नातवाने एकदा त्यांना विचारून पाहायला हरकत नाही.